आपल्याच राष्ट्राध्यक्षाने दिलेलं नाव पाडणारा पक्ष बरा, की मुकाट बसणारा?

कृष्णाकाठचा वकील (सांगली):
गोष्ट २००५ ची, अमेरिकेतली आहे, पण इथे लावून बघा. सुप्रीम कोर्टात सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या जागेवर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ३ ऑक्टोबरला हॅरिएट मायर्स यांचं नाव दिलं. बाई टेक्सासच्या नावाजलेल्या वकील, तिथल्या राज्य बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, पहिल्या महिला अध्यक्ष आणि तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बुश यांच्याच कायदा सल्लागार. न्यायाधीशाच्या खुर्चीत मात्र एक दिवस बसलेल्या नव्हत्या. नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये १०० पैकी ५५ बुश यांच्याच पक्षाचे, रिपब्लिकन, म्हणजे नाव सहज पार व्हायला हवं होतं. झालं उलटंच. डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड खूश, आणि बोंब ठोकली ती बुश यांच्या गोटातल्यांनी. माजी न्यायाधीश रॉबर्ट बोर्क, स्तंभलेखक जॉर्ज विल आणि विल्यम क्रिस्टॉल, सगळे घरचेच. बाईंनी प्रश्नावलीची उत्तरं इतकी मोघम दिली, की सिनेटच्या न्याय समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष आर्लेन स्पेक्टर यांनी विरोधी पक्षाच्या लीहींना सोबत घेऊन ती पुन्हा लिहून मागितली. २७ ऑक्टोबरला नाव मागे.

आता आपल्याकडे या. २०२५ च्या जुलैत कॉलेजियमने, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, मुंबई हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी तीन नावं सुचवली, त्यात एक भाजपच्या माजी प्रवक्त्यांचं. पद त्यांनी २०२४ च्या जानेवारीतच सोडलं होतं, असं पक्षाचं म्हणणं. विरोधकांनी टीका केली, ते त्यांचं कामच आहे. पण पक्षातला एखादा वकील 'जरा दमाने घ्या' म्हणाला, असं माझ्या तरी कानावर नाही. दुसरा पक्ष असता तरी हेच झालं असतं. रिपब्लिकनांनी दाखवली ती धमक आपल्या एकाही पक्षात नाही.

माहुलीकर (सातारा):
वकीलसाहेब, धमक कसली? पुढचा अंक का सांगत नाही? गर्भपाताच्या प्रश्नावर बाई नेमक्या कुठे उभ्या राहतील याची त्या लोकांना खात्री नव्हती. १९८९ मध्ये डॅलसच्या निवडणुकीत त्यांनी बंदीच्या बाजूने लिहून दिलं होतं, आणि १९९३ चं एक भाषण बाहेर आलं त्यात सूर निराळा. ते भाषण छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी बाई बाजूला झाल्या. ३१ ऑक्टोबरला सॅम्युअल अलिटो यांचं नाव आलं, ५८ विरुद्ध ४२ मतांनी पार पडलं. २०२२ च्या जूनमध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारं निकालपत्र याच अलिटोंनी लिहिलं. पक्षाने लायकी तपासली म्हणता? पक्षाने निकाल आगाऊ बुक केला. असलं भांडण आपल्याकडे नको रे बाबा.

जुना कार्यकर्ता (मिरज):
दोघेही अमेरिकेत रमलात. आपल्याकडे न्यायाधीश नेमताना पक्षाला विचारतंय कोण? नाव कॉलेजियम देतं. २०१४ ला संसदेने न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो सुप्रीम कोर्टाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. मग पक्षात बंड करून करायचं काय?

आणि पक्षाचा शिक्का पाठीवर असला म्हणजे माणूस वाया गेला असंही नाही. कृष्ण अय्यर केरळात नंबुद्रीपादांच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. १९७५ च्या जूनमध्ये इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाला बिनशर्त स्थगिती नाकारणारे तेच. के. एस. हेगडे आधी काँग्रेसचे राज्यसभा खासदार, आणि १९७३ ला सरन्यायाधीश नेमताना सुप्रीम कोर्टाच्या ज्या तीन न्यायाधीशांची ज्येष्ठता डावलली गेली त्यांत तेही.

कृष्णाकाठचा वकील:
काका, सोयीची दोन सांगितलीत. बहारुल इस्लाम राहिले की! काँग्रेसचे खासदार, तिथून गुवाहाटी हायकोर्टात, निवृत्तीनंतर पुन्हा बोलावून सुप्रीम कोर्टात, आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन थेट लोकसभेच्या तिकिटावर. तेव्हा काँग्रेसमध्ये चार माणसं मोठ्याने बोलली असती तर बिघडलं असतं का?

कोरेगावची सून:
साताऱ्याची माणसं धाग्यात आहेत आणि रामशास्त्र्यांचं नाव अजून कुणी काढलं नाही, नवलच. तर काढते. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्या दरबारचे न्यायाधीश, म्हणजे नेमणूक आणि पगार पेशव्यांचाच. तरी राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि वाईकडे निघून गेले. म्हणून नेमतो कोण यापेक्षा मला जास्त खटकतं ते नेमल्यानंतरचं. निवृत्तीनंतर राज्यपालपद, खासदारकी. ते बंद करा, मग प्रवक्ता आला काय नि आणखी कुणी आला काय.

माहुलीकर:
वहिनी, रामशास्त्री एकच झाले, म्हणून तर अडीचशे वर्षं नाव घेतोय. अपवादावर नेमणुकीची पद्धत बसवता येत नाही.

विश्रामबागचा ज्युनिअर:
मोठ्यांच्या मध्ये बोलतो, माफ करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू आहे. सांगली-साताऱ्यासह सहा जिल्हे. त्याआधी आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मुंबईला जायचो, मांडीवर कागदांचा गठ्ठा, सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन कोट चढवायचा, आणि संध्याकाळी कळायचं की मॅटर रीचच झालं नाही, बोर्ड डिस्चार्ज, म्हणजे आपल्या प्रकरणाचा नंबर यायच्या आधीच कोर्टाचं त्या दिवसाचं काम संपलं. पक्षकाराला फोन करायचा तो आपणच. आमच्या पक्षकाराला न्यायाधीश कुठल्या गोटातला हे नंतर. आधी खुर्चीत कुणीतरी हवंय.

जुना कार्यकर्ता:
शाब्बास. हे बोल.

कृष्णाकाठचा वकील:
नाही, शाब्बास नाही. त्याच बेंचसमोर उद्या जमीन संपादनाचं प्रकरण उभं राहिलं, एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला पलूसचा शेतकरी, की तोच पक्षकार पहिला प्रश्न विचारतो, 'साहेब, हे जज कुणाचे?' मला हा प्रश्न आलेला आहे. माहुलीकर, अलिटोंचं तुमचं मान्य. पण तिथे प्रश्नावली होती, जाहीर सुनावणी होती, कुणी काय आक्षेप घेतला ते आज वीस वर्षांनी सांगलीत बसून वाचता येतं. आपल्याकडच्या तीन नावांवर कुणी काय विचारलं, ते मला एका ओळीत दाखवा.