ग्रॅनाईटचा ओटा बदलायचाय, कॉन्ट्रॅक्टर कसा निवडावा? (सिंकपाशी चीर गेलीय)

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅनाईटचा ओटा बदलायचाय. फक्त वरचा दगड, खालची कॅबिनेट्स अजून ठणठणीत आहेत, ती तशीच ठेवायचीत. झालंय असं की सिंकच्या पुढे, आपण उभं राहतो त्या बाजूला जी अरुंद पट्टी असते ना, तिला चीर गेलीय. आधी केसाएवढी होती, आता नख अडकतं. चिरेच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी डाग धरलाय, कितीही घासा, जात नाही. खालून हात फिरवला की त्या जागी दगडाचा बारीक चुरा हाताला लागतो.

ओटा एल आकाराचा आहे. लांब बाजूला अंडरमाउंट सिंक (दगडाच्या खालून बसवलेलं), आखूड बाजूला हॉब (दगडात बसवलेली गॅसची शेगडी), कोपऱ्यात सांधा. भिंतीवरच्या टाइल्स थेट दगडावर टेकल्यात त्यामुळे दगड काढताना खालची ओळ राहणार की जाणार हा वेगळाच घोर, आणि तशा टाइल्स आता मिळत नाहीत.

तिघांना बोलावून झालं, तिघांचं म्हणणं तीन दिशांना.

पहिल्याने टेप लावली, मोबाइलवर फोटो काढले आणि दाराबाहेर पडायच्या आत स्क्वेअर फुटाचा रेट सांगून मोकळा. तिघांत स्वस्त हाच. चीर कशामुळे म्हणून विचारलं तर "कधीतरी जड भांडं आपटलं असेल". टाइल्सचं विचारलं तर "निघाल्या तर निघाल्या, बघू तेव्हा". कटिंग इथेच करणार म्हणे, बाल्कनीत.

दुसरं एक मोठं शोरूम आहे. त्यांचा माणूस आला, बोलायला एकदम व्यवस्थित, छापील कोटेशन, वॉरंटीचा कागद, सगळं नीटनेटकं. पण या माणसाने सिंकखालचं दार उघडूनसुद्धा बघितलं नाही. चिरेबद्दल विचारलं तर म्हणाला मॅडम सगळं नवीनच बसवणार आहोत, जुन्याचं कशाला. बसवायला येणारी माणसं तुमची का बाहेरची, यावर "आमची टीम" एवढंच.

तिसरा स्वतः कारागीर आहे, हाताखाली दोन-तीन पोरं. याने आल्या आल्या सिंकखालचं सामान बाहेर काढायला लावलं, टॉर्च घेऊन पाठीवर आडवा झाला आणि ती पट्टी बोटांनी चाचपत, टिचक्या मारत बराच वेळ आतच. मग वर येऊन ओट्यावर लेव्हल ठेवली आणि मला बोलावून दाखवलं की बुडबुडा मधे थांबत नाहीये, सिंककडचं कॅबिनेट थोडं खाली बसलंय. म्हणाला हे आधी सारखं केल्याशिवाय मी दगड ठेवणार नाही. आणि चिरेबद्दल म्हणाला, "आत सळई आहे, ती गंजलीय." मला काही उमजलं नाही, दगडात सळई कशाला असेल? पण याचा रेट सगळ्यात जास्त, लेखी काही देत नाही, "शब्द देतो ना" म्हणतो, वर अर्ध्याहून जास्त पैसे आधी मागतोय.

माझं मन तिसऱ्याकडे ओढतंय. घरचे म्हणतात कागद देतो त्याला काम द्या. तर सांगा, ही सळईची गोष्ट खरी असते का? दगड काढताना टाइल, सिंक, कॅबिनेट, काहीही फुटलं तर ते कोणाच्या अंगावर धरायचं? आणि ज्याला काम कळतं पण कागद आवडत नाही अशा माणसाकडून लेखी कसं घ्यायचं? स्वयंपाकघर रोज वापरातलं आहे, हे एकदाच व्हावं आणि नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १

ताई, मी दगडाच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. सळईची गोष्ट शंभर टक्के खरी. सिंकचं भोक पाडलं की पुढे-मागे दोन बारीक पट्ट्या उरतात, ओट्यातली सगळ्यात कमजोर जागा तीच. ग्रॅनाईटवर कितीही दाब द्या, सहन करतं, पण वाकवायला गेलं की तुटतं, आणि ती पट्टी उचलताना, नेताना, बसवताना वाकते. म्हणून बरेच जण तिच्या खालच्या अंगाला खाच पाडून आत सळई बसवतात आणि वरून रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरतात. पद्धत चांगली आहे. पण सळई साध्या लोखंडाची असली आणि रेझिन पोकळ राहिलं की सिंकचं पाणी झिरपत झिरपत तिथे पोचतं. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि मग तो आतून दगड फोडतो. तपकिरी डाग, खाली चुरा आणि हळूहळू रुंदावणारी चीर, हे सगळं त्याचंच. तुमची चीर सिंकच्या काठाला समांतर जातेय का काठापासून पुढच्या कडेपर्यंत आडवी, तेवढं बघा. समांतर असेल तर मग शंकाच नको. भांडं आपटलं असतं तर टवका उडाला असता, गंजाचा डाग कुठून येईल?

माझ्या मते निवड इथेच झाली. जुना दगड का गेला हे ज्याला सांगता येत नाही तो नवा दगडही तसाच बसवणार. शोरूमवाल्याचा कागद कितीही छान असला तरी त्याच्याकडून परत लोखंडाची सळई घातली जाणार नाही याची खात्री कागदात आहे का, ते वाचा. बहुतेक वेळा वॉरंटीत दगडाचा डाग, पॉलिश वगैरे असतं, चीर गेली की "वापरामुळे" म्हणून बाजूला काढतात.

नव्या कामात स्टेनलेस स्टीलची नाहीतर फायबरग्लासची सळई सांगा. सिंक आणि हॉबच्या कटआउटचे कोपरे गोलाई देऊनच कापायचे, काटकोनात कापले की पुढची चीर तिथूनच निघते. सिंकला खालून ब्रॅकेट किंवा फ्रेमचा आधार पाहिजे, नुसत्या सिलिकॉनवर लटकवलेलं सिंक पाण्याने भरलं की किती जड होतं विचार करा. आणि लेव्हलचा तो आग्रह धरतोय ते अगदी बरोबर आहे. २० एमएमचा ग्रॅनाईट एका चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरतो, ३० एमएमचा ८१. एवढं वजन एका बाजूला पोकळ ठेवून बसवलं तर पट्टीवर कायमचा ताण.

प्रतिसाद २

दगड नमुन्याच्या तुकड्यावरून पसंत करू नका हो. वखारीत जाऊन स्लॅब उभा असताना बघा, आपला स्लॅब कुठला ते ठरवा, नंबर लिहून घ्या, फोटो काढा. त्यातला कुठला भाग सिंकपाशी येणार आणि सांधा कुठे पडणार हेही तिथेच बोलून घ्या. काळा घेणार असाल तर पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पॉलिश केलेल्या बाजूवर घासा, फडकं काळं झालं तर रंग लावलेला दगड आहे. फिका घेणार असाल तर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, खाली गडद झालं म्हणजे दगड पाणी पितो, त्याला सीलर लागणार आणि अधूनमधून परत लावावा लागणार.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं, चीर काठाला अगदी समांतर आहे, आणि खालून बघितलं तर एका ठिकाणी रेझिन निघालंय, आत लालसर काहीतरी दिसतंय. म्हणजे सळईच.

प्रतिसाद ३

एवढ्याशा चिरेसाठी अख्खा ओटा कशाला बदलता? इपॉक्सी भरून पॉलिश मारा, आमच्याकडे तसंच केलं, छान चाललंय.

प्रतिसाद १

साधी चीर असती तर मीही हेच म्हटलं असतं. इथे वरून इपॉक्सी भरलं तरी आतली सळई गंजतच राहणार आणि शेजारून परत फुटणार. सळई काढून, खाच साफ करून, नवी घालून दुरुस्ती करता येते, पण जागेवर, उलटं झोपून ते करणारा माणूस मिळणं अवघड आणि पट्टी आधीच चुरा व्हायला लागली असेल तर धरायला दगडच राहत नाही.

प्रतिसाद ४

लेखीचं सांगते. तो लिहून देत नाही ना, मग तुम्ही लिहा. अशा कारागिरांना लिहायचा कंटाळा असतो, कधीकधी कागद म्हणजे आपल्यावर अविश्वास असंही वाटतं. तर काय काय ठरलं ते स्वतः साध्या मराठीत लिहायचं, त्याला समोर बसवून वाचून दाखवायचं, तो जिथे "असं नको" म्हणेल तिथे बदलायचं, आणि दोघांनी सही करायची. सही नको म्हणाला तर तेच व्हॉट्सॲपवर पाठवायचं आणि त्याच्याकडून "ठीक आहे" असं उत्तर घ्यायचं. यालाही नाही म्हणाला तर मात्र कितीही चांगला असू दे, सोडून द्या.

कागदात रेटपेक्षा हद्द महत्त्वाची. जुना दगड कोण काढणार, राडारोडा कोण नेणार, सिंक आणि नळ सोडणारा प्लंबर त्याचा का तुमचा, कटआउटचे, कडेच्या मोल्डिंगचे पैसे रेटमध्ये धरलेत का वेगळे, वेस्टेज कोणाच्या खात्यात, उरलेले तुकडे कोणाचे. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, दगडावरून होत नाहीत. गॅसचं कनेक्शन मात्र दगडवाल्याला सोडू देऊ नका, त्यासाठी गॅसचाच माणूस बोलवा.

फुटण्याबद्दल सरसकट "सगळं तुझ्या अंगावर" म्हटलंत तर कुठलाही शहाणा माणूस काम घेणार नाही. आम्ही असं ठरवलं होतं की नवा दगड बसवून, तपासून आमच्या ताब्यात येईपर्यंत तडा गेला तर त्याचा, सिंक आणि कॅबिनेटला मार लागला तर त्याचा, आणि टाइलच्या खालच्या ओळीची जबाबदारी आमची, पण काढायच्या आधी टाइल आणि दगडामधला सांधा त्याने कापून मोकळा करायचा. सरळ पहार घालून उचकटायचं नाही. काम सुरू व्हायच्या आधी टाइल्स, कॅबिनेटच्या कडा, फरशी, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर अर्ध्याहून जास्त आधी देऊ नये. तो मागतोय कारण त्याला वखारीत दगडाचे रोख द्यावे लागत असतील. मग दगडाचे पैसे तुम्हीच थेट वखारीत भरा, पक्कं बिल तुमच्या नावावर घ्या, आणि मजुरी टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता सिंकमध्ये पाणी भरून, गळती बघून मगच.

प्रतिसाद ५

कोरडं कटिंग घरात अजिबात करू देऊ नका. ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ असतं, म्हणजे सिलिकाच, ग्राइंडर चालवला की सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती दिसतही नाही आणि फुफ्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. इंजिनिअर्ड स्टोनमध्ये (दगडाचा चुरा आणि रेझिन मिसळून कारखान्यात बनवलेला दगड) सिलिका याहून खूप जास्त असतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. तुमच्या घरात दोन दिवस धूळ राहील, पण ती पोरं रोज हेच काम करतात. कटिंग वर्कशॉपमध्ये पाणी सोडून व्हायला हवं, जागेवर काही मारावं लागलंच तर तेही पाणी मारत, तोंडाला नुसता रुमाल नको, धुळीचा मास्क. कोण हे स्वतःहून करतो ते विचारा, माणूस कळतो.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. काय झालं ते सांगते.

शोरूमला फोन करून सळईचं विचारलं, त्यांनी उद्या सांगतो म्हणून ठेवला आणि नंतर "आम्ही स्टँडर्ड पद्धतीने करतो" असा मेसेज आला. स्टँडर्ड म्हणजे कुठली सळई हे परत विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्याला घरी बोलावून सगळं लिहिलेलं वाचून दाखवलं. आधी जरा गप्प झाला, पण सळईच्या ओळीवर आला तेव्हा स्वतःच म्हणाला की स्टेनलेसची लिहा आणि "बसवायच्या आधी दगड उलटा करून दाखवणार" असंही लिहा. हे मला फार आवडलं. दगडाचे पैसे थेट वखारीत भरायला लगेच तयार झाला. कटिंग तो वर्कशॉपमध्ये पाण्यावरच करतो, घरी फक्त नळाचं भोक. टाइल्सची खालची ओळ वाचेल याची हमी देत नाही, सांधा कापून प्रयत्न करतो म्हणाला, ते मान्य केलंय. फुटल्याच तर त्या जागी त्याच दगडाची चार इंची पट्टी उभी लावायची, तेवढा दगड आधीच धरून ठेवतोय. मापं जुना दगड निघून कॅबिनेट लेव्हलला आल्यावर टेम्प्लेट (ओट्याच्या आकाराचा साचा) करून घेणार, म्हणजे मधले काही दिवस ओट्याविना काढावे लागतील, तेवढी तयारी करतेय.

घरचेही आता राजी आहेत. फक्त एक राहिलं. टाइल आणि दगडामधे भरायला सिलिकॉन मी आणून ठेवणार आहे, त्यात कुठलं घ्यायचं?

प्रतिसाद १

न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲसिटिकवालं दगडाला नको, कडेला डाग पडू शकतो. आणि भरल्यावर निदान चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नका. दगड उलटा करून दाखवेल तेव्हा खाचेतलं रेझिन टोकापासून टोकापर्यंत भरलंय ना ते बघा, मधे कुठे बोट आत जात असेल तर तिथेच भरून घ्या.