टॉमी जॉनचं कोपर: शस्त्रक्रियेनंतर १६४ विजय कसे?

पॅव्हेलियन
बेसबॉलमधल्या डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) टॉमी जॉन १९७४च्या मोसमात नावावर १३ विजय, ३ पराभव अशा भरात असताना त्याच्या कोपराचं लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) तुटलं. तरी तो १९८९पर्यंत खेळला. एकूण २८८ विजय, त्यातले १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. कोपरात नेमकं काय केलं? आणि आपल्या फास्ट बोलरांना हे का होत नाही?

तिसरी बेस
लिगामेंट तुटलं ते कोपराच्या आतल्या बाजूचं. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ला उजव्या मनगटातला पामारिस लाँगस हा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढला आणि दंडाचं हाड व अल्ना (कोपराखालचं करंगळीकडचं हाड) यांत भोकं पाडून इंग्रजी आठच्या आकारात ओवला. तो काढल्याने पकड कमी होत नाही. अंगठा-करंगळी जुळवून मनगट आत वाकवा, मधोमध दोरीसारखा उठतो तो हाच. काहींना तो नसतोच, मग मांडीतला घेतात.

क्रिकेटचं म्हणाल तर बोलरला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करायची मुभाच नाही. पिचरचा वाकलेला हात मागे राहतो, खांदा पुढे जातो आणि आतली बाजू उसवल्यासारखी ताणली जाते. फास्ट बोलरचा भार कमरेवर येतो.

डावखुरा
यात नर्व्ह राहिली. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी अल्नर नर्व्ह दबून टॉमीची बोटं आखडली. डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ अख्खं गेलं. १९७६ला १० विजय, १० पराभव. १९७७ला थेट २० विजय. त्याचं हत्यार होतं सिंकर. हा चेंडू प्लेटपाशी, म्हणजे बॅटरजवळ, खाली बसतो, बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते, फटका जमिनीलगत जातो. वेगावर पोट नव्हतं, म्हणून हात टिकला.

पॅव्हेलियन
मग शस्त्रक्रियेने वेग वाढतो म्हणतात ते?

तिसरी बेस
चूक आहे, आणि घातकही. धडधाकट कोपरावर हे कोणी करू नये. वेग वाढलाच तर तो वर्षभराच्या व्यायामाचा. नवा टेंडन रुजून पुन्हा सामने खेळायला १२ ते १८ महिने लागतात. दुखणं त्याआधीच थांबतं आणि तिथेच घाई होते. अमेरिकेत मुलांसाठी मर्यादा घातल्या आहेत: १३-१४ वयाला दिवसाला ९५ पिच (म्हणजे फेकलेले चेंडू), आणि ६६ किंवा जास्त झाल्यास चार दिवस विश्रांती.