दाढ काढताना अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर

दाढ काढायची म्हटलं की रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस आधीच बंद कराव्यात असं एकानं लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन तर सहसा बंदच करत नाहीत, दाढेच्या खड्ड्यातलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली तर काय दाबणार? हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी आपल्या मनानं बंद करू नका.

आणि दाढ काढल्यानंतर मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या बाबांचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला, रक्त पातळ ठेवायला रोज अ‍ॅसिट्रॉम चालू. खानापुरात दाढ काढली त्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) २.८ होता, रक्त अर्ध्या तासात थांबलं. मग ५ दिवस मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक गोळी दिली, दाताच्या डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्यांबद्दल विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर उशीचा अभ्रा लाल, दाढेच्या जागी काळसर गाठ लोंबतेय, तसंच बेळगावला पळवलं तर आयएनआर ६ च्या वर. लिव्हरमधलं जे एन्झाइम अ‍ॅसिट्रॉम मोडून काढतं तेच मेट्रोनिडॅझोल अडवते, त्यामुळे डोस तोच असूनही असर वाढत जातो. कवळीखालच्या बुरशीला देतात ते मायकोनॅझोल जेलसुद्धा हेच करतं, नुसतं तोंडात लावायचं असलं तरी. आता बाबांच्या खिशात गोळ्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं कार्ड असतं, दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आधी तेच पुढे करतात.