अनुभव धागा: अदिस अबाबा आणि आसपास, जाणाऱ्यांच्या कामाचं काहीही

नात्यातली एक मुलगी नोकरीसाठी इथिओपियाच्या राजधानीला, अदिस अबाबाला चालली आहे. "आफ्रिकेत स्वेटर कशाला?" असं तिने विचारलं आणि निलगिरीच्या धुराचा वास असलेलं ते गार शहर इतक्या वर्षांनी डोळ्यांपुढे आलं. जे तिथे राहून किंवा फिरून आलेत त्यांनी लिहा. जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं लिहिलंत तर फार बरं.

सुरुवात करते. स्वेटर लागतोच. शहर विषुववृत्तापासून जेमतेम ९ अंशांवर, पण उंची सुमारे २,३५० मीटर. आपलं कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर. दिवसा २२-२४ अंश, रात्री ८-१०, डिसेंबरात त्याहूनही खाली, आणि घरांत हीटर सहसा नसतो. जून ते सप्टेंबर मोठा पाऊस, तेव्हा दिवसाही गारठा. हवा गार म्हणून उन्हाला मात्र हलकं समजू नका. इतक्या उंचीवर तासाभरात नाक-कान भाजतात, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. पहिले दोन दिवस जिने सावकाश चढा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. एन्तोतो डोंगर ३,००० मीटरच्या वर आहे, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

घाटमाथा
घड्याळ! हे कोणी आधी सांगत नाही. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १, दुपारचे १२ म्हणजे ६, संध्याकाळचे ७ म्हणजे रात्रीचा १. ड्रायव्हर "उद्या दोनला येतो" म्हणाला तर तो सकाळी ८ ला दारात उभा असतो आणि आपण जेवणानंतर वाट बघतो. विमानाची तिकिटं आपल्या पद्धतीनेच असतात, घोळ होतो तो बस, टॅक्सी आणि सरकारी कचेऱ्यांत. दर वेळी "फरंज (परदेशी) वेळ की हबेशा (इथिओपियन)?" असं विचारून घ्या.

तारखेचंही तेच. १२ महिने ३०-३० दिवसांचे, तेरावा पागुमे ५ किंवा ६ दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला (आपल्या लीप वर्षाच्या आधीच्या वर्षी १२ ला). साल आपल्यापेक्षा ७ किंवा ८ ने मागे. घरभाड्याच्या करारावर आणि पावत्यांवर दोन्ही तारखा लिहून घ्याच.

शुभदा_कल्याण
घाटमाथा, +१. करारावरच्या तारखेमुळे किती डोकेदुखी होते!

स्वयंपाकाचं सांगते, कुकर ठेवलाय तोवर. पाणी तिथे साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ, राजमा, छोले शिजता शिजत नाहीत, कारण उकळी कितीही जोरात असली तरी तापमान वर जात नाही. कुकर इथूनच न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. भाताला पाणी थोडं वाढवा. केक फुगून मध्ये बसतो, म्हणून बेकिंग पावडर पाव हिस्सा कमी करा. इडलीचं पीठ गारठ्यात रात्रभरात येत नाही, ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवायचं, १४-१६ तास. आणि बॅगेतली फरसाणाची पाकिटं टम्म फुगलेली दिसतील, खराब झालेली नसतात, बाहेरचा दाब कमी असतो म्हणून.

मिसळ_पाव_तर्री
शाकाहारी माणूस तिथे जगतो का? माझ्या बायकोचा एवढा एकच प्रश्न आहे.

कोथरूडकर
जगतो? मजेत जगतो! ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवार उपास, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवस सलग. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. "यत्सोम बेयायनेतु" मागवा: मोठ्या इंजेरावर (आंबवलेल्या पिठाची डोशासारखी पोळी) मिसिर वोत (तिखट मसूर), किक अलिचा (हळद घातलेली वाटाण्याची सौम्य डाळ), गोमेन (पालेभाजी), कोबी-बटाटा-गाजर, बीट. शिरो म्हणजे आपल्या पिठल्याचा तिकडचा भाऊ, बेरबेरे मसाल्यातला.

दोन गोष्टी जपा. उपास नसलेल्या दिवशी शिरोत मसाल्याचं लोणी असतं. त्याचं काही नाही, पण "बोझेना शिरो" म्हणजे मांस घातलेला. म्हणून कुठल्याही वारी "त्सोम" (उपासाचं) एवढा शब्द म्हणायचा. दुसरं, कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं अवघड आहे. वोतची (रश्श्याची) सुरुवातच ढीगभर कांदा तेलाशिवाय परतण्यापासून होते, तो नंतर काढता येत नाही.

इंजेराचं पीठ टेफचं (तिकडचं बारीक दाण्याचं धान्य), दोन-तीन दिवस आंबवलेलं. स्वस्त ठिकाणी त्यात दुसरी पिठं मिसळतात, त्यामुळे ग्लुटेन चालत नसेल तर विचारून खा.

मिसळ_पाव_तर्री
पिठलं म्हणालात, बास! बायकोने बॅग भरायला घेतली. 😄

डॉ_फिरस्ती
पीतज्वराची लस. इथिओपियाहून भारतात परतताना पिवळं कार्ड मागतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यापासून १० दिवसांनी कार्ड वैध धरतात आणि मग ते आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्या, इतर ठिकाणचं कार्ड ग्राह्य धरत नाहीत. गर्दी असते, महिनाभर आधी वेळ घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. विमानतळाबाहेर न पडता नुसतं विमान बदलणाऱ्यांना सूट आहे.

अदिसमध्ये उंचीमुळे मलेरियाचा धोका जवळपास नाही. पण खाली आवाशकडे किंवा खचदरीतल्या तळ्यांकडे उतरलात की आहे. शहरात राहणारे हेच विसरतात.

अनामिका२
माझी मावशीसुद्धा तिकडे होती, शिक्षिका. सम्राट हैले सेलासींच्या काळात कितीतरी भारतीय शिक्षक होते तिथे. वयस्कर लोक अजूनही आठवण काढतात.

खडकीकर
थोडं अवांतर. मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे तिकडचाच! त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि नहर-ए-अंबरी त्याचीच. आमच्या गावात राहून हे माहीत नसलेले लोक भेटतात तेव्हा वाईट वाटतं.

घाटमाथा
खडकीकर, अवांतर कसलं, हे हवंच होतं.

सह्यकडा
आसपासचं लिहितो, लोकलमधून, चुका पोटात घाला.

एका दिवसात दक्षिणेची फेरी: बुताजिरा रस्त्याने आधी मेल्का कुन्तुरे (आवाश नदीकाठी आदिमानवाची दगडी हत्यारं, २०२४ पासून जागतिक वारशात), मग फाट्यावरून आत अदादी मरियम (खडकात कोरलेलं चर्च), शेवटी तिया. तियाला ३६ उभ्या शिळा, त्यातल्या ३२ कोरीव, बऱ्याच शिळांवर तलवारी. सकाळी सातला निघा, आपल्या सातला! पावसाळ्यात अदादीच्या कच्च्या रस्त्यावर साधी गाडी रुतते, उंच चाकांची घ्या. चर्चमध्ये बूट बाहेर, बायकांनी डोकं झाकायचं.

उत्तरेला सुमारे १०० किमीवर देब्रे लिबानोस मठ, जवळच दरीच्या काठावर जुना दगडी पूल आणि गेलाडा माकडं. ही फक्त इथिओपियाच्या पठारावर आढळतात, गवत खातात. त्यांना केळी-बिस्किटं देऊ नका, त्याने ती अंगावर येतात. नुसता आराम हवा असेल तर बिशोफ्तू, द्रुतगती मार्गाने तासाभरावर, ज्वालामुखीच्या विवरांतली तळी.

पण महत्त्वाचं: गेली काही वर्षं ओरोमिया आणि अम्हारा या प्रांतांतल्या काही रस्त्यांवर सशस्त्र संघर्ष चालू आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या रस्त्याची चौकशी करा, अंधार पडायच्या आत परता. ड्रोन नेऊ नका, परवाना नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. पोलीस, सैन्य, सरकारी इमारती यांचे फोटो नकोत.

शुभदा_कल्याण
शहरात राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. लूसी (माणसाच्या पूर्वजाचा सांगाडा) तिथेच, ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ साली हादारला सापडलेली. मांडलेला सांगाडा प्रतिकृती आहे, खरी हाडं आत जपून ठेवली आहेत. निळ्या-पांढऱ्या मिनीबसमधून उतरायचं असेल तर "वराज आले" असं मोठ्याने म्हणा. मेर्कातो बाजारात पाठपिशवी पोटावर घ्या.

लाटकर_वहिनी
कच्च्या कॉफीबिया आल्या आहेत भेट म्हणून. भाजायच्या कशा? मिक्सर चालेल?

कोथरूडकर
वहिनी, मूठभर बिया धुऊन पुसून घ्या. लोखंडी तव्यात मध्यम आचेवर सतत हलवत ठेवा. आधी पिवळ्या होतात, मग ब्राऊन, ८-१० मिनिटांनी तडतड ऐकू येते. तिथून दोनेक मिनिटांत हव्या त्या रंगावर उतरवा, आणि लगेच ताटात पसरा. तव्यात राहिल्या तर आतल्या उष्णतेने करपतात. धूर खूप होतो, खिडकी उघडी हवी. मिक्सर थांबत थांबत फिरवा, अगदी पीठ करू नका. जेबेना (कॉफीची मातीची सुरई) नसेल तर पातेल्यात उकळा, गाळ खाली बसू द्या, न हलवता ओता. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसरी फेरी, मग तिसरी: अबोल, तोना, बरका. सोबत लाह्या.

लाटकर_वहिनी
लाह्या ज्वारीच्या चालतील?

कोथरूडकर
तिकडे मक्याच्या असतात, पण ज्वारीच्या उत्तम लागतील.