मदत हवी आहे : चित्र आठवतं, अर्थ आठवत नाही

गंगापूररोडकरीण
शुक्रवारी चाचणी आहे, लवकर सांगा. मुलांना भूगोलातले शब्द राहत नाहीत. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी. मिळताजुळता ओळखीचा शब्द घेऊन चित्र काढते. बाष्पीभवनला मोठं भवन, दारात बस. पोरं लगेच सांगतात, "मॅडम, बिल्डिंग आणि बस!" अर्थ विचारला की गप्प. तीन आठवडे गेले. काय चुकतंय?

सिडकोवाला
कितवी? किती मुलं? निदान काय? तुम्ही पालक की शिक्षिका?

गंगापूररोडकरीण
सहावी, चौघं, अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिणं-वाचणं जड जातं. मी विशेष शिक्षिका. आता उत्तर द्या.

पंचवटीचे_तात्या
चित्रं कसली काढता? रोज वीस वेळा लिहून घ्या. सकाळी ब्राह्मी द्या. आम्ही रामकुंडावर पाढे म्हणत मोठे झालो.

फळा_खडू
तात्या, लिहिण्याचीच अडचण असलेल्या पोराला वीस वेळा लिहायला लावणं ही शिक्षा झाली.
मॅडम, तुमच्या चित्रात पाणी कुठाय? मानसशास्त्रज्ञ अ‍ॅटकिन्सननी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर ही ओळखीच्या शब्दाची पद्धत वापरली, पुढे विशेष शिक्षणातले संशोधक स्क्रग्ज आणि मास्त्रोपिएरी यांनी अध्ययन अक्षम मुलांसाठी. तिची गोम अशी की ओळखीचा शब्द आणि अर्थ एकाच चित्रात एकमेकांत गुंतलेले हवेत. सांद्रीभवन घ्या : "सांडलं". गार पाण्याचा ग्लास, बाहेरून थेंब, आई ओरडतेय "कोणी सांडलं?" सांडलं कोणीच नाही, हवेतली वाफ गार होऊन थेंब झाली. 'भवन' दोन्ही शब्दांत आहे, त्यावर खुंटी ठोकू नका. विचारतानाही क्रमाने : शब्द, सांडलं, चित्र, मग अर्थ. आज, उद्या, परत चार दिवसांनी.

सिडकोवाला
आणि बाष्प म्हणजे वाफच, तिथे क्लृप्ती कशाला? फरशी ओली पुसा, पंखा लावा, बघू द्या.

सवलत_माहिती
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो. दाखला आत्ताच काढा.

गंगापूररोडकरीण
दहावीला चार वर्षं आहेत हो!

मालेगावची_माहेरवाशीण
घरी अहिराणी बोलतात का? ओळखीचा शब्द मुलालाच शोधू द्या. आणि चौघांना नीट ऐकू येतं ना?

गंगापूररोडकरीण
दोघांच्या घरी अहिराणी. एकाला श्रवणयंत्र आहे, ते लिहायचं राहिलं.

फळा_खडू
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! सांद्री-सांडलं हा खेळ कानाचा. त्याला दोन्ही शब्द लिहून दाखवा, 'सां'खाली रंग द्या, तुमचे ओठ दिसतील असं बसवा.

पंचवटीचे_तात्या
अवांतर : द्वारका चौकातून आज कोणी आलं का? अर्धा तास अडकलो.

गंगापूररोडकरीण
ग्लास ठेवला आज. थेंब आले. श्रवणयंत्रवाला म्हणतो, "मॅडम, ग्लास गळका आहे."

सिडकोवाला
उद्या पाण्यात कुंकू कालवा. बाहेरचे थेंब लाल आहेत का, त्यालाच बघायला सांगा.