मदत हवी आहे : कंसाबाहेर ऋण चिन्ह असताना वितरण गुणधर्म कसा पटवावा?

घणसोलीत आमच्या सोसायटीतील आठवीच्या काही मुलांना मी बीजगणित शिकवते. ४(क्ष + ३) चा विस्तार सर्वांना जमतो, कारण तो आयताच्या क्षेत्रफळावरून काढून दाखवता येतो. मात्र ५ − ३(क्ष − ४) ला सरळ रूप देताना बहुतेक जण ५ − ३क्ष − १२ लिहितात. क्ष = १० घेतल्यास मूळ पदावलीची किंमत −१३, तर त्यांच्या उत्तराची −३७ येते, हे त्यांनीच पडताळले, तरी पुढच्या गणितात पुन्हा तेच. ५ + (−३)(क्ष − ४) असे लिहूनही पाहिले, पण (−३) × (−४) हे +१२ का, येथे गाडी अडते. नियम नुसता पाठ करून घेण्याची माझी इच्छा नाही. फळा आणि वही एवढ्याच साधनांवर ही एक पायरी कोणत्या आकृतीने किंवा उदाहरणाने पटवून द्यावी?