मदत हवी आहे: पेटी येते, पण कीबोर्डवर डावा हात जमत नाही

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पेटी वाजवतो, त्यामुळे सूर आणि उजव्या हाताची बोटं यांची अडचण नाही. पण पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्याला पट्ट्यांची सवयच नाही.

कीबोर्ड साधा, ६१ पट्ट्यांचा आहे. पांढरी एकमधून (म्हणजे सी हा सूर सा धरून) सी, एफ, जी ही तीन कॉर्ड (एकत्र दाबायचे तीन-तीन सूर) डाव्या हाताने एकटी नीट येतात. उजव्या हाताने चाल सुरू केली की कॉर्ड बदलताना दोन्ही हात अडखळतात. हात वेगवेगळे बसवले, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला, तरी तेच. डाव्या हाताने नुसता सा धरला तर मात्र चाल सुरळीत जाते.

एकाने सुचवलं की सा-ग-प, सा-म-ध, नि-रे-प अशी कॉर्ड धर, म्हणजे हात जागचा फारसा हलत नाही. पटतंय, पण मग मूळ मांडणी (म-ध-सां, प-नि-रें) कच्ची राहील का, ही शंका आहे.

दुकानामुळे क्लासची वेळ जमत नाही. रात्री हेडफोन लावून अर्धा तास मिळतो. कीबोर्डची ऑटो साथ नको आहे, स्वतःच्या हाताने वाजवायचंय.

तर आधी मूळ मांडणीच पक्की करू, की जवळची कॉर्ड घेऊन दोन्ही हात एकत्र सुरू करू?